एकाच शहरातील दोन स्थानकांमधली लोकल: रूळ रिकामे दिसतात, मग गाडी का सुटत नाही?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

एकाच शहरात दोन मोठी स्थानके आहेत, दोन्ही जुनी आहेत, त्यांना जोडणारे रूळही आहेत, आणि तरीसुद्धा त्यांच्यामध्ये लोकल धावत नाही, अशी शहरे जगात बरीच सापडतात. अशा ठिकाणी दर काही वर्षांनी मागणी उठते की रूळ आहेत, फलाट आहेत, वर तारा आहेत, मग दोन गाड्या आणा आणि सोडा. त्यावर रेल्वेकडून ‘मार्गाची क्षमता संपली आहे’ असे उत्तर येते, आणि फाटकाशी उभे राहून रिकाम्या रुळांकडे पाहणाऱ्या माणसाला ती शुद्ध थाप वाटते. हे उत्तर दर वेळी खरे असते असे नाही; परंतु ते खरे की खोटे हे रुळांकडे पाहून कळत नाही, कागदावर वेळापत्रक मांडल्यावरच कळते. म्हणून हा धागा काढत आहे.

मी रेल्वेत नोकरी केलेली नाही. वेळापत्रके मांडण्याचा मला केवळ छंद आहे, तेव्हा चुका आढळल्यास जाणकारांनी निःसंकोच दाखवाव्यात.

‘अ’ आणि ‘ब’ ही दोन स्थानके धरू. अंतर १४ किलोमीटर, दुहेरी मार्ग, विद्युतीकरण झालेले, मध्ये सहा थांबे, म्हणजे प्रत्येकी दोन किलोमीटरचे सात टप्पे. गाडीचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर मानला, तर तो वेग गाठायला साधारण ४० सेकंद आणि पुन्हा थांबायला साधारण ३० सेकंद लागतात. या ७० सेकंदांत गाडी पाऊण किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापते आणि उरलेले सव्वा किलोमीटर पूर्ण वेगाने ५५ सेकंदांत जाते. एक टप्पा १२५ सेकंदांचा झाला. सात टप्प्यांचे साडेचौदा मिनिटे आणि सहा थांब्यांवर प्रत्येकी अर्धा मिनिट मिळून तीन मिनिटे, असे साडेसतरा मिनिटे होतात. कुठे दार अडते, कुठे सिग्नल उशिरा मिळतो. त्यासाठी अडीच मिनिटे राखीव ठेवून मी धाव २० मिनिटांची धरली आहे.

आता गंमत पाहा. ‘वेग वाढवा’ ही सर्वांत लोकप्रिय सूचना असते. कमाल वेग ८० वरून १०० केला, तर प्रत्येक टप्प्यात जेमतेम नऊ सेकंद वाचतात, कारण वाढीव वेग गाठेपर्यंत पुढचे स्थानक आलेले असते. संपूर्ण १४ किलोमीटरमध्ये वाचते एक मिनिट. उलट मधला एक थांबा गाळला, तरी थांबण्याची ३० आणि वेग घालवून पुन्हा मिळवण्याची सुमारे ३५, अशी ६५ सेकंदे वाचतात. म्हणजे त्या वाढीव वेगासाठी रूळ, तारा, सिग्नल यांवर केलेला सगळा खर्च एका थांब्याच्या किमतीचा आहे! मी थांबा गाळा असे म्हणत नाही. उपनगरी सेवेत थांबे हाच जीव असतो. परंतु वेगाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, एवढे मात्र यातून स्पष्ट होते.

खरे गणित पुढे आहे. टोकाला गाडी १० मिनिटे थांबून उलट फिरते असे धरले, तर पूर्ण फेरी २० + १० + २० + १० म्हणजे ६० मिनिटांची होते. दर १५ मिनिटांनी गाडी हवी असेल तर ६० भागिले १५, म्हणजे चार रेक (डबे जोडलेली एक पूर्ण गाडी म्हणजे एक रेक). दर १० मिनिटांनी हवी असेल तर सहा. दुरुस्तीसाठी एखादा राखीव रेक वेगळा. इथपर्यंत कोणीही सांगेल. पण ‘ब’ला लोकलसाठी एकच फलाट मिळाला असेल, तर १० मिनिटे थांबा आणि गाडी बाहेर पडून दुसरी आत येईपर्यंतची किमान तीन मिनिटे, असा तो फलाट दर गाडीमागे १३ मिनिटे अडतो. तिथे १० मिनिटांची सेवा होऊच शकत नाही, मग मधले १४ किलोमीटर दिवसभर मोकळे का पडेनात.

माझे म्हणणे एवढेच आहे की अशा सेवेचा निर्णय मधल्या रुळांवर होत नाही. तो दोन टोकांच्या फलाटांवर आणि त्याच रुळांवरून वेगळ्या वेगाने धावणाऱ्या इतर गाड्यांमुळे होतो. मागणी करणाऱ्यांनी ‘गाडी सोडा’ असे न म्हणता ‘ब’चा कोणता फलाट, किती मिनिटे, असे विचारायला हवे.

शंकेखोर

लेख आवडला, पण एक शंका आहे. टोकाला १० मिनिटे कशासाठी? दोन्हीकडे चालकाची केबिन असलेली गाडी उलट फिरवायला इंजिन काढावे लागत नाही. पाच मिनिटांत गाडी परत का निघू नये? तसे केले तर फेरी ५० मिनिटांची होते आणि १० मिनिटांच्या सेवेला सहाऐवजी पाचच रेक पुरतात.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

बरोबर, १० मिनिटांच्या सेवेत एक रेक वाचतो. १५ मिनिटांच्या सेवेत मात्र काहीच वाचत नाही, कारण ५० भागिले १५ म्हणजे तीन आणि वर उरलेला तुकडा. रेक चारच लागतात. रेकची संख्या पूर्णांकातच मोजावी लागते, हा या विषयातला सर्वांत निर्दय नियम आहे. फेरी ४५ मिनिटांची झाली तरच तीन रेक पुरतील, आणि त्यासाठी धाव साडेसतरा मिनिटांची, म्हणजे राखीव वेळ शून्य धरावी लागेल. कागदावर एक रेक वाचेल आणि पहिल्याच पावसात वेळापत्रक कोलमडेल.

सांधेवाला

मी आयुष्याचा बराच काळ गाड्या आत घेण्यात आणि बाहेर काढण्यात घालवला आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

पाच मिनिटांत गाडी परत फिरते का? फिरते, पण काय काय घडते ते पाहा. गाडी फलाटाला लागते तेव्हा चालक पुढच्या टोकाला असतो आणि आता त्याला मागच्या टोकाला जायचे असते. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. मोकळ्या फलाटावर तेवढे चालायला साडेतीन मिनिटे लागतात; गर्दीच्या वेळी त्याच फलाटावर हजार माणसे उतरलेली असतात आणि चालकाला त्यांच्या लोंढ्यातून वाट काढत जायचे असते. केबिन उघडणे, ब्रेकची तपासणी आणि सिग्नल मिळणे हे त्यानंतर. पाच मिनिटे तिथेच संपतात. यावरचा उपाय जुना आहे: आलेल्या गाडीच्या मागच्या टोकाशी दुसरा चालक आधीच उभा असतो, तो ती गाडी घेऊन निघतो आणि आलेला चालक सावकाश चालत जाऊन पुढच्या गाडीची वाट पाहतो. एक चालक जास्त लागतो, पण रेक आणि फलाट दोन्ही वाचतात. फलाट विकत मिळत नाही, चालक नेमता येतो.

दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे फलाटाच्या तोंडाशी असलेले सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सरकते रूळ. टोकाच्या स्थानकात येणारी गाडी पलीकडच्या फलाटावर घ्यायची असेल तर ती निघणाऱ्या गाडीचा रूळ ओलांडून जाते आणि तेवढा वेळ निघणारी गाडी अडकून राहते. आता तो सांधा ताशी १५ किलोमीटरचा असेल, तर अडीचशे मीटरची गाडी आणि दीडशे मीटरचे तोंड मिळून चारशे मीटर पार करायला दीड मिनिटाहून जास्त वेळ जातो. तोच सांधा लांब वळणाचा, ३० किलोमीटरचा बसवला तर पाऊण मिनिट. प्रत्येक गाडीमागे पाऊण मिनिट वाचले, तर तासाला किती गाड्या वाढतील ते पाटीपेन्सिल यांनीच मांडावे. मी तर म्हणेन की नव्या सेवेसाठी पैसे मर्यादित असतील तर ते पहिल्यांदा सांध्यांवर खर्च करावेत. उद्घाटनाच्या छायाचित्रात सांधा दिसत नाही, एवढाच त्यातला दोष.

शंका असेल त्यांनी टोकियो स्थानकावरची चुओ जलद मार्गिका पाहावी. तिथे या मार्गिकेसाठी एकच बेट-फलाट (दोन्ही बाजूंना रूळ असलेला फलाट), म्हणजे दोनच रूळ आहेत, आणि गर्दीच्या वेळी साधारण दर दोन मिनिटांनी गाडी येऊन परत फिरते. म्हणजे दोन रूळ पुरतात. फक्त त्यामागे सांधे, सिग्नल, चालकांची अदलाबदल आणि प्रवाशांची शिस्त हे सगळे एकत्र जुळावे लागते.

नित्याचा प्रवासी

वरच्या प्रतिसादातील चालकाचे चालणे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. एका टर्मिनसवर रोज संध्याकाळी माझी गाडी फलाटावर उभी असायची, दारे उघडी, माणसे भरलेली, वेळ झालेली, आणि गाडी हलत नसे. एक दिवस कुतूहलाने सगळ्यात मागच्या डब्यापाशी जाऊन उभा राहिलो. हातात लहानशी पेटी घेतलेला चालक गर्दीतून कडेकडेने येत होता, मध्येच एका सामानाच्या ढिगाला वळसा घालावा लागला, आणि तो केबिनमध्ये चढेपर्यंत घड्याळात चार मिनिटे वीस सेकंद गेली होती. वेळापत्रकात त्या गाडीला एकूण सहा मिनिटे होती. त्यानंतर मी गाडीला उशीर झाला म्हणून चालकाला कधी शिव्या दिल्या नाहीत.

माझा मुद्दा वेगळा आहे. फलाटावरून माणसे बाहेर पडण्याचा हिशेब कोणीच धरलेला नाही. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ढोबळमानाने पन्नास माणसे चढतात. तीन मीटरचा एकच जिना असेल तर हजार माणसांना सात मिनिटे लागतील. बेट-फलाटावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाड्या लागल्या तर चौदा. तुमची सेवा १० मिनिटांची असेल, तर पहिली गर्दी जिन्यापाशी असतानाच दुसरी उतरते, आणि चढणारी माणसे समोरून येत असतात ती निराळीच. ही गैरसोय तर आहेच, पण धोकाही आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर जी चेंगराचेंगरी झाली, ती गाड्या कमी पडल्यामुळे नव्हे, पूल अरुंद पडल्यामुळे झाली.

दुहेरी रूळ

म्युनिकमध्ये हाउप्टबानहोफ आणि कार्लस्प्लाट्झ या भूमिगत स्थानकांत लोकलच्या रुळाला दोन्ही बाजूंनी फलाट आहेत. एका बाजूच्या दारांतून उतरायचे, दुसऱ्या बाजूच्या दारांतून चढायचे. उतरणारे आणि चढणारे समोरासमोर येतच नाहीत. जागा असेल तिथे हे करण्यासारखे आहे. जागा नसते, हे माहीत आहे.

शंकेखोर

सगळे टोकांविषयीच चालले आहे. मधल्या रुळांवरून मालगाड्या जातात त्याचे काय? माझ्या मते खरा अडथळा तोच आहे. मालगाड्या शहराबाहेरून वळवल्या की लोकलला रान मोकळे होईल.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

याविषयी मीही असेच समजत होतो, आणि आलेख काढल्यावर तोंडात बोट घालायची वेळ आली. ज्यांनी असा आलेख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी जितकी वेगवान तितकी रेघ उभट. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाली; पॅरिस आणि लिऑन यांच्या दरम्यानच्या गाड्यांचा १८८५ मध्ये छापलेला आलेख आजही दाखल्यादाखल दिला जातो. संगणक आले तरी पद्धत तीच आहे. मी मात्र अजून चौकटीचा कागद आणि टोक केलेली पेन्सिलच वापरतो, कारण खोडरबराने गाडी सरकवण्यात जी मजा आहे ती पडद्यावर नाही.

तर आपली लोकल १४ किलोमीटर २० मिनिटांत जाते, म्हणजे थांबे धरून तिची सरासरी ताशी ४२ किलोमीटर पडते. न थांबता ताशी ४५ च्या वेगाने जाणारी मालगाडी हेच अंतर १९ मिनिटांत पार करते. दोघींच्या रेघा जवळजवळ समांतर! लोकलच्या मागे चार मिनिटांनी मालगाडी सोडली तर ती जवळपास तेवढ्याच अंतराने ‘ब’ला पोहोचते. मालगाडी एका लोकलची जागा घेते, त्याहून जास्त नाही.

जागा खाते ती मेल-एक्स्प्रेस. ताशी ९० ने न थांबता जाणारी गाडी हे अंतर सव्वानऊ-साडेनऊ मिनिटांत कापते. लोकलच्या मागे सोडलेली अशी गाडी ‘ब’च्या आधी लोकलला गाठणार नाही आणि दोघींमध्ये सुमारे चार मिनिटे राहतील याची काळजी घ्यायची, तर ती लोकलनंतर जवळपास १५ मिनिटांनी सोडावी लागते, आणि तिच्यामागे चार मिनिटांनी पुढची लोकल. दोन लोकलमधले अंतर १९ मिनिटांचे झाले. १५ मिनिटांची सेवा तिथेच मोडली. एकाच तासात अशा दोन गाड्या आल्या तर लोकलचे वेळापत्रक भोके पडलेल्या चाळणीसारखे दिसते. फाटकावरच्या माणसाला जे रिकामे रूळ दिसतात ते हेच: जलद गाडीसाठी राखून ठेवलेली पोकळी.

सांधेवाला

हिशेब बरोबर आहे, पण मालगाडीला इतके निर्दोष ठरवू नका. मालगाडी चालत असेल तोवरच समांतर. एका लाल सिग्नलला ती उभी राहिली की पुन्हा वेग घ्यायला तिला जो वेळ लागतो तो मी मिनिटांत सांगणार नाही, शिव्यांत सांगेन. शिवाय सहा-सातशे मीटरची मालगाडी दोन सिग्नलच्या मध्ये मावत नाही आणि मागच्या स्थानकाचे सांधे अडवून बसते. नियम असा असावा की मालगाडीला शहरात शिरण्यापूर्वी थांबवावे, आणि एकदा आत घेतली की पार होईपर्यंत तिला हिरवाच सिग्नल द्यावा.

वाटसरू

तासाला दोन-तीन मेल-एक्स्प्रेस असतील तर मधल्या एखाद्या स्थानकावर वळणमार्गिका बांधून लोकलला बाजूला घ्यावे आणि मागची गाडी पुढे सोडावी. एवढा साधा उपाय असताना पुढची चर्चा कशाला?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

उपाय साधा आहे, पण त्या लोकलमधल्या माणसांना विचारा. मागची गाडी येईपर्यंत आणि पुढे जाऊन रूळ मोकळा होईपर्यंत लोकल बाजूला सात-आठ मिनिटे उभी राहते. २० मिनिटांच्या प्रवासात आठ मिनिटे उभे राहणारी गाडी लोक आठवडाभरात सोडून देतात.

त्याऐवजी मी एक उलटा प्रस्ताव मांडतो. जलद गाडीचा वेग शहरापुरता कमी करावा. ९० ऐवजी ६० ने नेली तर तिला १४ मिनिटे लागतील. आता तिची रेघ लोकलच्या रेघेकडे झुकते, फरक सहा मिनिटांवर येतो, आणि सहा अधिक पुढेमागे चार-चार, असे १४ मिनिटांत सगळे बसते. १५ मिनिटांची लोकल टिकते, वर एक मिनिट शिल्लक राहते. रूळ नवा नाही, पूल नवा नाही, पैसा शून्य.

वाटसरू

म्हणजे आठशे किलोमीटरवरून येणाऱ्या प्रवाशाने शहराच्या वेशीवर आल्यावर पाच मिनिटे रांगत जायचे, का, तर कोणाला तरी दोन स्थानके ओलांडून कामावर जायचे आहे म्हणून? हा प्रस्ताव मला अजिबात पटत नाही.

नित्याचा प्रवासी

आठशे किलोमीटरवरून येणाऱ्या गाडीला त्याच वेशीवर सिग्नल न मिळाल्यामुळे रोज किती मिनिटे उभे राहावे लागते, ते त्या गाडीच्या प्रवाशांना विचारून पाहा. पाच मिनिटे हळू येणे आणि पंधरा मिनिटे उभे राहणे, यांतले निवडायचे असेल तर मी हळू येईन.

वाटसरू

तसे असेल तर मुद्दा मान्य. पण मग ही पाच मिनिटे वेळापत्रकात उघडपणे लिहा. शेवटच्या दोन स्थानकांमध्ये अर्ध्या तासाची राखीव वेळ लपवून ठेवायची आणि वर गाडी वेळेवर आली म्हणायचे, ही चलाखी बंद व्हावी.

दुहेरी रूळ

आतापर्यंतच्या सगळ्या चर्चेत एक गृहीतक आहे की लोकल ‘अ’ला सुरू होते आणि ‘ब’ला संपते. मला तेच मुळात चुकीचे वाटते. दोन्ही स्थानके शहराच्या मध्यभागात असतील, तर ही सेवा दोन्ही टोकांना सर्वांत महाग फलाट अडवते आणि बदल्यात फक्त १४ किलोमीटर देते. गाडी ‘अ’च्या पलीकडच्या उपनगरातून यावी, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबावी आणि ‘ब’च्या पलीकडे निघून जावी. उलट फिरण्याचे काम जिथे जागा स्वस्त आहे तिथे, शहराबाहेर करावे. मग सांधेवाला यांनी वर्णन केलेली चालकाची पायपीट आणि तोंडाशी होणारी अडवाअडवी मध्य-शहरात उरतच नाही.

जगात ज्या शहरांनी हा प्रश्न सोडवला त्यांनी असाच सोडवला आहे. ब्रुसेल्समध्ये उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्थानके होती, दोन्हींकडे गाड्या येऊन संपत. त्यांना जोडणाऱ्या मार्गाचे काम १९११ मध्ये सुरू झाले, मध्ये दोन महायुद्धे झाली, आणि सहा रुळांचा तो मार्ग १९५२ मध्ये उघडला. फिलाडेल्फियात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची दोन वेगळी टर्मिनस होती. १९८४ मध्ये चार रुळांच्या बोगद्याने दोन्हींची उपनगरी जाळी जोडली, आणि तो बोगदा तीन किलोमीटरही लांब नाही. म्युनिकमध्ये हाउप्टबानहोफ आणि ओस्टबानहोफ यांच्यामधला बोगदा १९७२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने झाला. लाइपझिगमध्ये २०१३ च्या डिसेंबरात मुख्य स्थानकाखालून बायेरिशर बानहोफकडे जाणारा बोगदा सुरू झाला. लंडनमध्ये तर १९१६ पासून प्रवासी गाड्यांना बंद असलेला स्नो हिल बोगदाच १९८८ मध्ये पुन्हा वापरात आणून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या लोकल जोडल्या. आजही त्या मार्गावरच्या गाड्या फॅरिंग्डनला वरच्या तारेवरून खालच्या तिसऱ्या रुळावर वीज बदलून घेतात.

सांधेवाला

दुहेरी रूळ यांच्या यादीत एक गोष्ट सांगायची राहिली आहे. म्युनिकच्या त्या बोगद्यातून गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला तीस गाड्या जातात, आणि त्या अनेक फाट्यांवरून येऊन एकाच नळीत शिरतात. एका फाट्यावर दूर कुठे झाड पडले की त्याचा उशीर मध्य-शहरातून जाऊन दुसऱ्या टोकाच्या फाट्यावर उतरतो. तिथे दुसऱ्या बोगद्याचे काम २०१७ मध्ये सुरू करावे लागले, ते उगाच नाही. ब्रुसेल्सचा जोडमार्गही आज देशातल्या गाड्यांचा सर्वांत चिंचोळा गळा झाला आहे. टोकाला १० मिनिटे उभी राहणारी गाडी फलाट अडवते हे खरे, पण तीच १० मिनिटे उशीर गिळूनही टाकतात. पाच मिनिटे उशिरा आलेली गाडी वेळेवर परत निघते. आरपार जाणाऱ्या गाडीला ही सोय नाही. तिचा उशीर तिच्याबरोबर प्रवास करतो.

माझा सल्ला विचाराल तर मधला मार्ग धरावा. गाडी एका बाजूला आरपार न्यावी आणि दुसऱ्या बाजूला, ऐन मध्यभागाच्या थोडे अलीकडे, फिरण्यासाठी वेगळा फलाट बांधावा. मुंबईत परळला मार्च २०१९ मध्ये सुरू झालेले टर्मिनस याच विचाराचे आहे: प्रत्येक गाडी शेवटच्या टोकापर्यंत नेलीच पाहिजे असे नाही.

शंकेखोर

आणि मार्ग एकेरी असेल तर?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

एकेरी मार्गावर बरोबर मध्ये एक क्रॉसिंगचे, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील असे स्थानक असेल, तर प्रत्येक अर्ध्या भागातून एक गाडी १० मिनिटे जाणार, मग समोरची १० मिनिटे येणार, आणि दोन्हींच्या मध्ये सांधे फिरवण्याची, सिग्नल मिळण्याची एक-दोन मिनिटे. कितीही ओढाताण केली तरी २४-२५ मिनिटांच्या आत दुसरी गाडी नाही, आणि व्यवहारात अर्ध्या तासाची सेवा. क्रॉसिंगचे स्थानक मध्यापासून सरकलेले असेल तर लांब असलेला भाग ठरवेल. एकेरी मार्गावर मालगाड्याही असतील, तर हा नाद सोडून आधी दुसरा रूळ मागावा.

नित्याचा प्रवासी

गाडीच्या लांबीविषयी कोणी बोलले नाही म्हणून विचारतो. बारा डब्यांची गाडी दर २० मिनिटांनी, की सहा डब्यांची दर १० मिनिटांनी? डबे तेवढेच लागतात. वेळापत्रक न पाहता स्थानकावर येणाऱ्या माणसाला पहिल्या प्रकारात सरासरी १० मिनिटे थांबावे लागते, दुसऱ्यात पाच. वीस मिनिटांच्या प्रवासासाठी दहा मिनिटे थांबणारा माणूस दुचाकी काढतो. शिवाय छोट्या गाडीत सांधेवाला यांच्या चालकाची पायपीटही अर्धी होते आणि जिन्यावरची गर्दीही.

सांधेवाला

सेवेच्या सुरुवातीला सहा डब्यांचीच घ्यावी, पण फलाट मात्र पहिल्या दिवसापासून बारा डब्यांचे बांधावेत. गाडीला डबे नंतर जोडता येतात. चालू मार्गावरच्या फलाटाची लांबी वाढवायची म्हणजे सांधे सरकवणे, सिग्नल हलवणे आणि कित्येक रविवारचे ब्लॉक. छोट्या गाड्या दुप्पट म्हणजे चालकही दुप्पट, हेही विसरू नये.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

चर्चेतले मुद्दे घेऊन आलेख पुन्हा मांडला. ‘अ’हून दर तासाला ०२, १७, ३२ आणि ४७ मिनिटांनी लोकल. ‘ब’ला २२, ३७, ५२ आणि ०७ ला पोहोचणार, दहा मिनिटांनी तिथूनही ३२, ४७, ०२ आणि १७ लाच सुटणार. दोन्ही स्थानकांवरून सुटण्याची मिनिटे एकच, आणि ती दर तासाला तीच. माणसाला चार आकडे पाठ असले की पुरे. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये सगळ्या देशाचे वेळापत्रक अशा ठरावीक मिनिटांवर बसवले. चार रेक फिरतील. जलद गाडी ‘अ’हून १२ व्या किंवा १३ व्या मिनिटाला, ताशी ६० च्या वेगाने सुटावी; १४ वर गेली तर मागची लोकल अडते, ११ वर आली तर तीच पुढच्या लोकलमागे अडते. ‘ब’ला लोकलचा फलाट एकच धरला आहे, तो दर गाडीमागे १३ मिनिटे अडतो, दोन मिनिटे शिल्लक राहतात.

सांधेवाला

आलेख चांगला आहे, पण तो सकाळी सहापासून पुढचा आहे. ‘ब’हून पहाटेची पहिली गाडी कुठून येणार? कारशेड ‘अ’च्या बाजूला असेल, तर रात्रीचे शेवटचे दोन रेक ‘ब’लाच मुक्कामी ठेवावे लागतील, नाहीतर पहाटे रिकामे रेक ‘ब’पर्यंत न्यावे लागतील, आणि त्याच दोन-तीन तासांत रुळांची व तारांची देखभाल करणारी मंडळी मार्ग मागत असतात. फलाट एकच आहे म्हणता. मग दुसरा रेक रात्री कोणत्या रुळावर उभा करणार? आणि ते आणणारे दोन चालक झोपणार कुठे?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

खोडरबर हातात घेतले आहे.